लाल तीनची बाटली

आमच्या घरात एक सिनेमा दरवर्षी बघितला जातो. शाळांना सुट्टी लागली की टीव्हीवाले तो लावतातच आणि आम्ही बघतोच, कारण त्यातले रंग माझ्या मावशीनं भरलेत. हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा आहे. गोष्ट सात-आठशे वर्षांपूर्वीच्या दंतकथेतली. एक बढाईखोर सरदार, त्याच्या अंगावर लाल झगा, आणि नदीवर एक जादूचा पूल. पुलावर उभं राहून कुणी खोटं बोललं की पुलाचा एक दगड निखळून पाण्यात पडतो. सरदार तर तोंड उघडतो तेच थापा मारायला. त्यामुळे पूल आखडत जातो आणि पोरं हसून हसून लोळतात. शेवटी हा गडी मधोमध अडकतो, मागे पूल नाही, पुढे पूल नाही, नदीवरून धुकं येतं, आणि तो जन्मात पहिल्यांदा खरं बोलतो.

नेमकं तेव्हाच मावशी उठायची. "चहा टाकते," म्हणायची. कुणाला चहा हवा असो वा नसो, समोर भरलेले कप असोत, ती जाणार म्हणजे जाणार. धुकं विरलं, सरदार पलीकडे पोचला, की कपांचा ट्रे घेऊन बाहेर यायची. आम्ही त्याला 'पुलाचा चहा' म्हणत असू. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, म्हणायची की ताईला स्वतःचं काम बघायची लाज वाटते. मलाही ते पटायचं. मावशी मुळात स्वतःबद्दल बोलणाऱ्यांपैकी नव्हेच.

या गोष्टीत मी दोनच कामं केली: गाडी चालवली आणि चिडले. चिडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मावशी विसाव्या वर्षी त्या चित्रपटवाल्यांकडे कामाला लागली. रंगखोली म्हणजे एक लांबलचक दालन होतं, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, आणि दोन रांगांत टेबलं. एकेका टेबलावर दोघी. हातात पांढरे सुती मोजे, त्यांची अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं कापलेली, म्हणजे कुंचला नीट धरता यावा आणि बाकीच्या हाताचा घाम चित्राला लागू नये. चित्रं असायची पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर. त्याला त्या 'पान' म्हणायच्या. पानाच्या पुढच्या बाजूनं काळ्या रेघा काढलेल्या असत आणि या बायकांनी मागच्या बाजूनं रंग भरायचा. म्हणजे दिवसभर सगळी दुनिया उलटीच बघायची. एका सेकंदाच्या सिनेमाला अशी बारा चित्रं लागत. मावशीनं तीन वर्षांत किती पानं रंगवली हे मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "मोजली असती तर पळून गेले असते."

आता या कामातली एक खुबी सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कॅमेऱ्याखाली एका वेळी तीन-चार पानं एकावर एक ठेवत. एकावर घोडा, एकावर सरदार, एकावर झगा. प्लास्टिक कितीही पारदर्शक म्हटलं तरी दर पानागणिक खालचा रंग थोडा मळकट दिसतो. म्हणून जे पान खाली जाणार, त्याचा रंग मुद्दाम थोडा उजळ कालवायचा. एकाच झग्यासाठी लाल रंगाच्या तीन बाटल्या असत. सगळ्यात वरच्या पानाला लाल एक, मधल्याला लाल दोन, तळाच्या पानाला लाल तीन. बाटल्या शेजारी ठेवल्या तरच फरक कळायचा, आणि तोही सरावलेल्या डोळ्याला. पण वरच्या पानाला चुकून लाल तीन लागला, तर पडद्यावर झगा एकदम भडकणार. झाली चूक, बसा बोंबलत!

मावशीच्या टेबलावर शेजारी बसायची ती ठिपका. तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम कसला ना कसला रंग लागलेला असे, म्हणून ठिपका. ती मावशीला सुतळी म्हणायची, कारण मावशी तेव्हा तशीच बारीक होती. आताची मावशी बघितली तर त्या सुतळीचा चांगला दोरखंड झालाय. दोघी तीन वर्षं एका डब्यात जेवल्या, एका छत्रीतून घरी गेल्या. मावशीच्या तोंडून ठिपकाबद्दल मी एवढंच ऐकलं होतं, तेही लहानपणी. नंतर ते नाव घरात कुणी काढत नसे.

सिनेमा पूर्ण झाला आणि दोन वर्षांत ती कंपनी बंद पडली. मग मावशी भिंतींच्या रंगाच्या दुकानात लागली आणि तिथंच साठी गाठली. लोक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणायचे आणि म्हणायचे, अस्साच हवा. मावशी तो पोपडा दारात नेऊन उजेडात धरायची, डबे उघडायची आणि कालवायची. पुढे दुकानात रंग जुळवायचं यंत्र आलं, पण जुनी गिऱ्हाइकं यंत्राकडे पाठ करून उभी राहत. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाण्यापूर्वी म्हणाले होते की हिला माझ्या चेहऱ्याच्या रंगावरून ताप कळतो, थर्मामीटर कशाला आणता. अशी ही बाई. आणि हिला वाटत होतं की आपण रंगात चुकलो.

हे मला कळलं एका फोनमुळे. जुन्या चित्रपटांचा संग्रह सांभाळणाऱ्या कचेरीतून फोन आला. सिनेमाची मूळ फिल्म साफ करून नव्यानं उतरवायचं काम चाललंय, पण फिल्म इतकी विटलीय की लाल कुठला आणि तपकिरी कुठला कळेना. रंगाच्या बाटल्या केव्हाच फेकल्या गेल्या. रंगखोलीत काम केलेलं कुणी येऊन डोळ्यांनी बघून सांगेल का?

मावशी म्हणाली, "नाही जमायचं. माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी बघायचंय का?" मी म्हटलं. "गाडीनं नेते, गाडीनं आणते."

"डोळेही गेलेत."

"काल तू मला रस्त्याच्या पलीकडून सांगितलंस की माझ्या दोन्ही मोज्यांचा काळा वेगळा आहे!"

मग तिनं सगळी हत्यारं टाकली आणि खुर्चीत बसली. मी चिडलेच होते, आणि चिडले की मी गप्प बसत नाही. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता मान मिळतोय तर हिला गुडघे आठवतात, असं बरंच बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्यामुळे एकीची नोकरी गेलीय. ते तिथं पडद्यावर दिसेल."

पुलाच्या दृश्यातली एकोणचाळीस पानं तिच्याकडे आली होती. नुसता झगा. सकाळी सतरा झाली, जेवायची सुट्टी झाली, दुपारी उरलेली बावीस. सिनेमा आधीच लांबला होता, रंगखोलीच्या मोठ्या बाई सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेल्या. पानं सुकली, तपासून कॅमेऱ्याकडे गेली. संध्याकाळी टेबल पुसताना तिनं बाटली उचलली आणि चिठ्ठी वाचली. लाल तीन. झगा होता सगळ्यात वरच्या पानावर. सकाळी लाल एकच होता, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे जेवून आल्यावर आपण आंधळ्यासारखी भलतीच बाटली उचलली. पडद्यावर जवळजवळ दोन सेकंद सरदाराचा झगा पेटल्यासारखा दिसणार.

"आणि त्याच वेळी," मावशी म्हणाली, "मोठ्या बाईंनी हाक मारली. मला नाही, ठिपकाला. पानांवर आमची नावं नसायची गं, टेबलाचा नंबर असायचा. मी बघितलं, ती खोलीत गेली, दार लागलं. मला कळलं कशासाठी ते. मी बाटली ठेवली, चप्पल घातली आणि घरी गेले."

दुसऱ्या दिवशी ठिपकाची खुर्ची रिकामी होती. मोठ्या बाई म्हणाल्या, ती आता येणार नाही. बस, एवढंच. कुणी काही विचारलं नाही, मावशीनं तर नाहीच नाही.

"खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं मला," ती म्हणाली. "माझ्यावर आलं नाही म्हणून. त्याचीच लाज वाटते जास्त. नंतर तिची दोन पत्रं आली. अक्षर ओळखलं मी. न उघडता फाडली. काय लिहिलं असणार ते ठाऊकच होतं ना."

मला तिचा रागही आला आणि कणवही आली, आणि दोन्ही एकदम आलं की माझं डोकं चालत नाही. मी म्हटलं, "चल. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाक. पासष्ट वर्षांच्या बाईला कोण नोकरीवरून काढणार आहे?"

ती तयार झाली. पण वाटेत तीनदा म्हणाली की गॅस चालू राहिलाय. तिसऱ्यांदा मी सांगितलं की गॅस मी स्वतः बंद केलाय आणि आता बहाणा बदल.

कचेरीतली खोली छोटी होती. भिंती करड्या, खिडकीला जाड पडदे, एक मोठा पडदा, त्यापुढे तीन खुर्च्या आणि बटणांनी भरलेलं टेबल. तंत्रज्ञ पन्नाशीचा, ढगळ स्वेटरातला, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं पहिल्यांदा राजाचा दरबार दाखवला. मावशी सावरून बसली आणि कामाला लागली. दरबाराचा पडदा मोतिया होता, पांढरा नव्हे. राणीची बाही हिरवी होती, पण त्यात थोडा पिवळा टाका. अजून थोडा. आता पुरे. तंत्रज्ञ बटणं फिरवत होता आणि गालात हसत होता. अर्ध्या तासात त्यानं लिहायचंच सोडून दिलं आणि नुसता 'हं बाई, हं बाई' करायला लागला. मला इतका अभिमान वाटला की मी उगीचच खुर्ची पुढे सरकवली.

मग तो म्हणाला, "आता पूल."

मावशीनं माझा हात धरला. धुकं आलं. सरदार मधोमध उभा. झगा वाऱ्यावर उडतोय. एक सेकंद, दोन, पाच. सरदार बोलला, पुलाला नवे दगड फुटायला लागले, दृश्य संपलं.

"परत लावा," मावशी म्हणाली.

त्यानं लावलं. मग ती म्हणाली, एकेक चित्र थांबवून दाखवा. त्यानं तेही केलं. सतरावं चित्र, अठरावं, एकोणिसावं. मावशी खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेली, नाक लागेल इतकी जवळ. झगा सतराव्यात जसा होता तसाच अठराव्यात. एकोणचाळिसाव्यातही तसाच.

"तुम्ही दुरुस्त केलंत का हे?" तिनं विचारलं. आवाज चढला होता.

"मी कशाला करू? अजून हातही लावलेला नाही."

"मग हे चूक आहे. म्हणजे बरोबर आहे. पण बरोबर असायला नको!"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मग मीच सगळं सांगितलं, बाटली, पानं, लाल तीन. त्यानं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एक जाडजूड फाइल काढली. कॅमेऱ्याखाली कुठलं पान कितव्या थराला ठेवायचं याचे तक्ते त्यात लावले होते. पुलाच्या दृश्याचा तक्ता त्यानं बोटानं वाचत आणला आणि थांबला. मूळ मजकूर शाईत होता. त्यावर लाल पेन्सिलीनं खाडाखोड: अठरापासून पुढे धुक्याची दोन पानं वाढवली. ती झग्यावर येणार. झगा तळाला. लाल तीन. खाली मोठ्या बाईंची सही आणि तारीख.

"तारीख कोणती?" मावशीनं विचारलं. त्यानं सांगितली. तोच दिवस होता.

म्हणजे चूक झालीच नव्हती. लाल तीनच लावायचा होता आणि तिनं लाल तीनच लावला, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं. एकेचाळीस वर्षं ही बाई बरोबर केलेल्या कामासाठी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत होती. मावशी हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. तंत्रज्ञानं पाणी आणलं. मीही डोळे पुसले, सांगायला काय लाजायचं. छातीवरचा धोंडा तिच्या उतरला होता, पण श्वास मलाच मोकळा झाला.

पाणी पिऊन झाल्यावर मात्र तिचा चेहरा पुन्हा उतरला. "मग ठिपकाला कशासाठी काढली?" ती म्हणाली. "आणि बाटली बदलली कुणी?"

"नावानं नाही ओळखत मी," तंत्रज्ञ म्हणाला, "पण रंगखोलीतल्या आणखी एक बाई आज यायच्यात. साडेबाराला. त्या म्हणत होत्या, झग्याच्या टेबलावर बसायचे."

मावशीनं पर्स उचलली. "गॅस चालू आहे," ती मला म्हणाली. पण मी आधीच दारात जाऊन उभी राहिले होते, आणि मी काही सुतळी नाही. तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला आणि एक बुटकी, पांढऱ्या केसांची, लाल शाल घेतलेली बाई आत आली. तिनं खोलीत नजर फिरवली. मावशीवर थांबली.

"सुतळे!" ती म्हणाली. "जिवंत आहेस होय? मला वाटलं मेलीस."

मावशीच्या तोंडून सगळं एकदमच फुटलं. उभ्या उभ्या, पर्स छातीशी धरून, तिनं बाटलीचं सांगितलं, चप्पल घालून निघून गेल्याचं सांगितलं, बरं वाटल्याचंसुद्धा सांगितलं. ठिपका काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. तोंड हळूहळू उघडं पडत गेलं.

"अगं भवाने," ती शेवटी म्हणाली, "बाटली मी बदलली!"

"तू?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं, धुकं वाढवलंय, सुतळीला लाल तीन नेऊन दे आणि तसं सांग. तू हात धुवायला गेली होतीस. मी बाटली ठेवली आणि रंगाच्या वासानं पोटात असं ढवळलं की धावत सुटले. तिसरा महिना होता मला. कुणाला सांगितलं नव्हतं अजून. परत आले तेव्हा तुला सांगायचं पार विसरले बघ."

"आणि बाईंनी बोलावलं ते?"

"त्यांनी ओकताना बघितलं मला. म्हणाल्या, उद्यापासून यायचं नाही, हा वास पोटातल्या जिवाला चांगला नाही, घरी बस. वाघीण होती, पण तेवढी माया होती तिला." ठिपका खुर्चीत बसली. "मला कुणी काढलं नाही, सुतळे. मलाही ते पटलं, माझी मी गेले. कुणाला तरी विचारायचंस की!"

"धीर झाला नाही."

"आणि पत्रं?"

मावशीनं खाली बघितलं. "फाडली. न वाचता."

इतका वेळ ठिपका हसत होती. आता हसणं गेलं. "दोन लिहिली मी," ती म्हणाली. "एकात लिहिलं होतं, मुलगी झालीय, बघायला ये. दुसऱ्यात लिहिलं होतं, अजून आली नाहीस. तिसरं लिहायला मग मन झालं नाही. मला वाटलं, काम सुटलं तशी मीही सुटले हिच्याकडून. फार लागलं होतं गं मला ते."

तंत्रज्ञ बटणांकडे बघत होता, मी तक्त्याकडे. मनात आलं, झग्याचा रंग बरोबर निघाला, पण चूक काही अगदीच झाली नव्हती असं नाही. ती पडद्यावर नव्हती, इतकंच. मावशी ठिपकाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिचा हात घेतला आणि नुसता धरून ठेवला. ठिपकानं काढून घेतला नाही.

मग दोघींनी काम केलं. तासभर. झग्याच्या लालावरून कडाकडा भांडल्या. एक म्हणे विटकरी, एक म्हणे मेलीला डोळे नाहीत. शेवटी एकाच छटेवर दोघींचं एकदम 'हाच!' झालं आणि तंत्रज्ञानं सुटकेचा श्वास सोडला.

पावणेदोनला दार उघडलं. चाळिशीची एक उंच बाई आत डोकावली, चष्मा केसांत खोचलेला, हातात गाडीची किल्ली. "आई, झालं का? गाडी भलत्याच जागी लावलीय मी, हाकलतील आता."

मावशी उठली. गुडघ्यांचं नाव न काढता उठली. तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, थोडा दारातल्या उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. ती बाई गोंधळली, पण हलली नाही.

"नाक तुझंच आहे," मावशी मागे न बघता म्हणाली. "कपाळ?"

"तिच्या बापाचं," ठिपका म्हणाली.

"आई, या कोण?" लेकीनं हळूच विचारलं.

"तुला बघायला आलीय ती," ठिपका म्हणाली. "जरा थांब. बघू दे तिला नीट."